वारली सुंदर आहे, पण ती आपल्या आजीची नाही

आधी कबुली देतो, मग भांडतो.

गेल्या वर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्तानं, आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या एका कार्यक्रमात शाळकरी मुलांची चित्रकला स्पर्धा होती. विषय होता 'आदिवासी कला'. परीक्षक तीन, त्यातला एक मी. पत्रकार म्हणून बोलावलेला. चित्रातलं मला काय कळतं विचाराल, तर पानावर फोटो कुठं बसवायचा एवढंच. पण नारळ, शाल आणि स्टेजवर खुर्ची मिळते म्हटल्यावर आपण सहसा नाही म्हणत नाही.

कागद समोर आले. एकावर एक, सगळे सारखे. विटकरी पार्श्वभूमी, पांढऱ्या रेघा, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस, मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल नाच. कुणी झाड जास्त काढलेलं, कुणी मोर. पाच-दहा कागद बघितल्यावर कोणता कुणाचा हे कळेना. आम्ही सफाई बघून मार्क देत सुटलो.

त्यात एक कागद वेगळा होता. नववीतल्या मुलीचा. कातळावर एक म्हातारी उकिडवी बसून हिरडा निवडतेय. पुढ्यात निळी ताडपत्री पसरलेली. मागं कुडाचं घर, वर पत्रा. उघड्या दारातून आतली कणगी दिसतेय, आणि कणगी सारवताना बोटांच्या ज्या कमानी उमटतात त्या पोरीनं एकेक करून काढलेल्या. म्हातारीचा हात चेहऱ्यापेक्षा मोठा झाला होता. प्रमाण चुकलं, असं आमच्यातले एक जण म्हणाले. दुसरे म्हणाले, "ताडपत्री कधीपासून आदिवासी झाली?" आम्ही हसलो. मीसुद्धा हसलो. कागदाच्या मागं शेरा पडला, 'विषयास सोडून'. नंबर तर सोडाच, उत्तेजनार्थसुद्धा नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती पोरगी चपला शोधत होती. मी उगाच मोठेपणानं म्हणालो, "अगं, वारली का नाही काढलीस? नंबर आला असता." तिनं माझ्याकडं बघितलं आणि सरळ सांगितलं, "सर, आम्ही वारली नाही ना. आम्ही कोळी. आजीला विचारलं तर ती म्हणली, आपल्यात असलं नसतं."

मी पण महादेव कोळी आहे. मला हे सुचलं नव्हतं.

तळेघरवरून घोडेगावला गाडी मारत येताना डिंभ्याचं पाणी बाजूला होतं आणि डोक्यात तेच वाक्य. वर्ष होत आलं, ते वाक्य जात नाही. म्हणून आज लिहितोय. यंदाच्या ९ ऑगस्टची तयारी आता सुरू होईल. बॅनर छापायला जातील, टी-शर्टवर वारली छापली जाईल, आणि स्पर्धेचा विषय परत तोच असेल. त्याच्या आत हे बोलून टाकलेलं बरं.

तर मुद्दा असा. आपल्या आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी आहेत, ठाकर आहेत, कातकरी आहेत. आणि या सगळ्यांची 'कला' म्हणून भिंतीवर काय आहे? वारली. शाळांच्या भिंतींवर वारली, समाजमंदिरावर वारली, भीमाशंकरच्या रस्त्याला जेवणाच्या हॉटेलांवर वारली. मी माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या गावात एकदाही तारपा ऐकलेला नाही. पण भिंतींवर बघितला तर वाटावं, आमच्याकडं रोज संध्याकाळी तारपाच वाजतो.

कुणी म्हणेल, मग काय बिघडलं? सुंदर आहे ना?

सुंदर आहेच. वारलीशी माझं भांडण नाही, उलट मान आहे. म्हणून तर ती आहे काय, हे नीट माहीत करून घेऊ. डहाणू, तलासरी, जव्हार, पालघर हा त्यांचा मुलूख. लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या आतल्या, गेरूनं किंवा शेणानं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. हो, त्यांच्यात चौक 'लिहितात'. त्या चौकात पालघाट देवी असते. तो चौक म्हणजे शोभेची वस्तू नाही, त्याच्याशिवाय लग्न पुरं होत नाही. बायकांचं काम, देवाचं काम. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार तिकडं गेले, कागद आणि रंग दिले, आणि कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे हे लग्न नसतानाही, नुसतं मनात येईल तसं चित्र काढायला लागले. मासेमारीचं जाळं काढलं, मुंग्यांचं वारूळ काढलं, पेरणी काढली. त्यांच्या डोळ्यासमोर जे होतं ते काढलं. १९७६ ला त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ ला पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं, म्हणजे हे नाव त्या मुलखाचं आणि त्या माणसांचं, हे सरकारी कागदावरही आलं.

आता मला सांगा, ज्या नकाशात तळेघर नाही, त्या नकाशावरचा ऐवज आपण आपल्या भिंतीला लावून 'आमची परंपरा' म्हणतो, याला काय म्हणायचं? कायद्याचा कीस मी पाडत नाही. शाळेच्या भिंतीवर चित्र काढलं म्हणून कुणी खटला भरणार नाही. पण नीतीनं बघितलं तर यात दोन जणांवर अन्याय होतो. एक वारली बायांवर, ज्यांचा देवचौक आपण वॉलपेपर करून टाकला. आणि दुसरा त्या नववीतल्या पोरीच्या आजीवर, जिच्याकडं काहीच नाही असं आपण गृहीत धरलं.

वारलीच का पसरली याचं उत्तर फार खोल नाही. ती तासाभरात शिकवता येते. त्रिकोण, गोल, रेघ. रंग दोनच. ठेकेदाराला भिंत रंगवायची असते, त्याच्याकडं छापे तयार असतात, तो पुण्यात तेच छापतो आणि तळेघरातही तेच. सरकारी पुस्तिकेच्या कोपऱ्यात 'आदिवासी' दाखवायचा असला की दोन त्रिकोण टाकले की काम झालं. शहरातल्या माणसाला तेवढं पुरतं. त्याला महादेव कोळी आणि वारली यातला फरक सांगायला गेलात तर तो जांभई देतो. मला त्याचा राग नाही. राग याचा आहे की आपणच त्याच्या डोळ्यांनी आपल्या घराकडं बघायला लागलो. त्या दिवशी स्टेजवर बसलेले आम्ही तिघंही इकडचेच होतो, कुणी शहरातून आलेलं नव्हतं.

आणि माझं पाप एवढंच नाही. मागं एका दिवाळी अंकात मी हिरड्यावर लेख लिहिला होता. बाळहिरडा कसा गोळा करतात, भाव कसा पाडतात, सगळं. लेख चांगला होता, स्वतः म्हणतो. त्या लेखाला मी चौकट कसली लावली? वारलीची. फुकटात इंटरनेटवर मिळाली.

हिरड्याचं निघालंय तर एक गोष्ट सांगतो, कारण मला स्वतःला ती कळल्यावर हसावं की रडावं कळेना. हिरडा आपण पोत्यानं विकतो. औषधाला जातो, कातडी कमवायला जातो, एवढं आपल्याला माहीत. पण तो रंगकामालाही जातो. आंध्रात कलमकारी करतात, कापडावर हातानं चित्रं. ते कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून तयार करतात, त्याशिवाय रंग धरत नाही. आणि हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकली की काळी शाई होते. पूर्वी पोथ्या लिहायला अशीच शाई करायचे. गंजलेला खिळा टाकून बघा घरी, पाणी काळं पडतं की नाही. माझ्या आजीच्या पातळाला हिरड्याचे डाग पडायचे, विळा लागला तिथं काळे ठिपके. धुतले तरी जायचे नाहीत. त्याला आम्ही 'डाग' म्हणायचो.

म्हणजे जगाला शाई पुरवणाऱ्या डोंगरातली पोरं पोस्टर कलरच्या बाटल्या विकत घेऊन दुसऱ्याच डोंगरातली चित्रं काढतात.

आता दुसरा आक्षेप, जो मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो आणि तोही आपल्याच सुशिक्षित माणसांकडून. "सर, वारल्यांकडं चित्रकला होती, आपल्याकडं कुठं होती? कष्ट करणारी माणसं आपण. आवणी, नाचणी, हिरडा, गुरं. चित्रं काढायला वेळ कुणाला होता?"

थांबा जरा.

देव्हाऱ्यात बघा. चांदीचे टाक आहेत ना? घोड्यावर बसलेला वीर, हातात तलवार. हा वीर कोण? घरातला कुणीतरी पूर्वज, ज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण सणाला ज्याला आंघोळ घातली जाते. बोटाएवढ्या पत्र्यावर ठोकलेलं पूर्वजाचं चित्र आपल्या घराघरात आहे. आपण त्याला हळदकुंकू लावतो, पण चित्र म्हणत नाही.

शिवेवर वाघोबा बघा. शेंदराच्या थराखाली दगड आहे, आणि काही ठिकाणी त्या दगडावर कुणीतरी वाघ कोरलाय. पाय आखूड, शेपूट पाठीवर वळलेली, तोंड जरासं माणसासारखं. वाघबारशीला आपण नैवेद्य ठेवतो आणि परत येतो. तो वाघ कुणी कोरला असेल, त्यानं वाघ किती जवळून बघितला असेल, हा प्रश्न मला चाळिशी ओलांडेपर्यंत पडला नव्हता.

इरलं बघा, अजून कुणाच्या माळ्यावर राहिलं असेल तर. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे थर. आवणीच्या चिखलात दिवसभर वाकलेल्या बाईच्या पाठीवर ते बसायचं आणि पाणी मानेत शिरायचं नाही. आता खताच्या पिशवीचं खोळ घेतात. सोयीचं आहे, मी तक्रार करत नाही. पण ते इरलं विणणारा माणूस कामटी किती वाकवायची हे बोटांनी ओळखायचा, आणि तो माणूस आपल्या चुलत्या-मामांपैकीच कुणीतरी होता.

आणि सारवण. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेणमाती, त्यावर हाताचा तळवा फिरवून काढलेल्या अर्धगोल लाटा. प्रत्येक बाईची लाट वेगळी. माझी आजी डावखुरी होती, तिच्या लाटा उलट्या जायच्या. शेजारीण चेष्टा करायची, की तुझ्या भिंतीकडं बघितलं की घेरी येते. ती भिंत मला आज तशीच्या तशी दिसते. पण आज ती कुठंच नाही.

भिंत का गेली, तेही सांगायला पाहिजे. नुसतं 'परंपरा विसरलो' म्हणून आपल्याच बायाबापड्यांवर खापर फोडणं मला पटत नाही. कारवी तोडायची म्हटली तर जंगल अभयारण्यात गेलं. भीमाशंकर अभयारण्य १९८५ चं. गुरं कमी झाली, शेण कमी झालं. घरकुल आलं, २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, विटा-सिमेंटचं. पावसाळ्यात गळत नाही, साप येत नाही, आणि कुणाचीही आई त्या घरात जास्त सुखात झोपते. ते नको म्हणणारा मी कोण? पण सिमेंटच्या भिंतीवर सारवण टिकत नाही. भिंत बदलली की हात बदलतो, आणि हात बदलला की एक पिढी मधून गळते.

काही ठिकाणी तर भिंतच पाण्याखाली गेली. तालुक्याचं नाव आंबेगाव, आणि आंबेगाव गाव कुठाय? डिंभ्याच्या जलाशयात. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात, लोक फोटो काढायला जातात. ज्या गावाच्या नावावर आपला सातबारा निघतो, त्या गावाचं एक चित्र एखाद्या पोरानं आपल्या आजोबांना विचारून काढलंय का? कुणाचं घर कुठं होतं, पिंपळ कुठं होता, नदीकडं वाट कुठून जायची? हे सांगणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आणि माळीणबद्दल मी जास्त लिहीत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी १५१ माणसं गेली, त्यात म्हाताऱ्या किती होत्या, त्यांना काय काय येत होतं, हे आता कुणाला विचारायचं? बातमी करायला मी तिथं गेलो होतो. मोजणी लिहीत होतो. हा प्रश्न तेव्हाही सुचला नाही.

"पण चित्र काढायची परंपराच नव्हती" या म्हणण्याला आणखी एक उत्तर आहे, आणि ते मध्य प्रदेशातलं आहे. पाटणगढ नावाचं गाव. तिथं परधान लोक राहतात. त्यांचं पिढीजात काम गाण्याचं. गोंडांच्या घरी जायचं, बाना वाजवायचा, देवांच्या आणि राजांच्या कथा गायच्या. चित्रांचं म्हणाल तर बायका भिंतीवर मातीची नक्षी करायच्या, तेवढंच. १९८० च्या सुमाराला भोपाळच्या भारत भवनसाठी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी माणसं गावोगाव पाठवली, तेव्हा त्यांना तिथं विशीच्या आसपासचा एक पोरगा सापडला. जनगढ सिंह श्याम. त्यानं काय केलं? आपल्या वाडवडलांच्या गाण्यातले देव, ज्यांना कधी चेहरा नव्हता, त्यांना कागदावर चेहरा दिला. गाणं होतं, त्याचं चित्र केलं. आज ज्याला जग 'गोंड चित्रकला' म्हणतं, ती त्या एका पोरानं सुरू केली, आणि आता त्या गावातली कित्येक घरं त्यावर चालतात. २००१ मध्ये जपानमध्ये असताना त्यानं जीव दिला. ती गोष्ट वेगळी आणि फार दुःखाची, कलाकाराला बाजार कसा वापरतो याची. तीही विसरू नये.

म्हणजे परधानांकडं गाणं होतं, त्याचं चित्र झालं. आपल्याकडं काय नाही? जात्यावरच्या ओव्या आहेत. डोंगराच्या, देवाच्या गोष्टी आहेत. जांभोरीचा होनाजी केंगले आहे. १८७० च्या दशकात सावकारांच्या विरोधात उठलेला, सरकारी फौजेला डोंगरात दमवणारा, १८७६ ला पकडला गेलेला. जांभोरी इथून किती लांब? होनाजीचं चित्र काढा म्हटलं तर पोरं मोबाईल उघडतात. अरे, मोबाईल कशाला? जांभोरीच्या म्हाताऱ्यांकडं जा, तो कोणत्या वाटेनं गेला असेल विचारा, आणि ती वाट काढा. चेहरा नाही सापडला तर नाही. वाट तर आहे.

आणि अभ्यास झालेलाच नाही असंही नाही. निमगिरीचे डॉ. गोविंद गारे आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यातले, आपल्याच समाजातले. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ते संचालक होते, महादेव कोळ्यांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्या संस्थेत आदिवासी वस्तूंचं संग्रहालय आहे. आपल्या सहली शनिवारवाडा, सारसबाग करून परत येतात. एकदा बस तिकडं वळवा ना.

आता एकीवाल्या मित्रांशी बोलतो, कारण फोन त्यांचेच येणार. "एक तीर, एक कमान, सारे आदिवासी एक समान, आणि तुम्ही पत्रकार लोक वारली-कोळी-ठाकर भेद कशाला करता?" भाऊ, मोर्चात मी तुमच्याबरोबर आहे. वनहक्काचे दावे, पेसा, आश्रमशाळेतलं जेवण, हिरड्याचा भाव, यात आपण सगळे एकच, आणि वारली बांधवही आपलेच. पण एक असणं म्हणजे एकसारखं दिसणं नव्हे. एकाच आईची चार पोरं एकाच मापाचा सदरा घालत नाहीत. आणि गंमत बघा, आपल्यातलेच ठाकर लोक सिंधुदुर्गात पिंगुळीला चित्रकथी करतात, पोथीतली चित्रं दाखवत रामायण-महाभारत सांगतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री जाहीर झाली. तिकडच्या ठाकरांनी वारली काढून पद्मश्री मिळवली नाही. स्वतःच्या घरातल्या जुन्या पोथ्या सांभाळून मिळवली. शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी कुणाचं तरी बियाणं आणून नाही, आपल्या भागातलं जुनं गावठी बियाणं जपून नाव कमावलं. त्यांची कला नाही म्हणाल, ठीक आहे. पण गोष्ट तीच आहे.

तिसरा आक्षेप पोटाचा. "वारली विकते साहेब. पोरींनी वारलीच्या साड्या रंगवल्या तर चार पैसे मिळतात. कणगीच्या चित्राला कोण विचारतो?" याच्यावर माझ्याकडं तोंड बंद करणारं उत्तर नाही. खरं आहे. ज्या बचत गटाच्या बाया वारलीच्या पिशव्या रंगवून घर चालवतात त्यांना मी नावं ठेवणार नाही. पिशवी विका, पण पोराला शिकवताना हे विकायचं काम आहे आणि ही आपली ओळख आहे, यात गल्लत करू नका एवढंच.

उलट मला दुसरी भीती वाटते. हे वाचून उद्या कुणी हुशार माणूस 'महादेव कोळी शैली' नावाचा नवा छापा तयार करेल. कणगी, इरलं, वाघोबा, तीन चिन्हं, दोन रंग, आणि तेच सगळ्या भिंतींवर. कृपा करून ते नको. ते वारलीपेक्षा वाईट होईल, कारण वारलीमागं निदान खऱ्या बायांचा खरा चौक आहे. त्या पोरीच्या चित्रातली निळी ताडपत्री आठवा. आम्हाला ती खटकली, कारण आम्हाला 'जुनं' पाहिजे होतं. तिच्या आजीकडं ताडपत्री आहे, मोबाईल आहे, पत्रा आहे, आणि कणगीपण आहे. पोरीनं यातलं काही लपवलं नाही, काही घुसडलं नाही. हात मोठा काढला, कारण घरात तिला तो हातच सारखा दिसतो. प्रमाण तिचं चुकलं नव्हतं, आमचं चुकलं होतं.

म्हणून यंदा काही गोष्टी मागतोय. आयोजकांकडं, शिक्षकांकडं, माझ्यासारख्या फुकट्या परीक्षकांकडं. विषय 'आदिवासी कला' ठेवू नका. 'माझ्या आजीच्या घरातली एक वस्तू' ठेवा. मुलांना आठवडाभर आधी सांगा, आजीला किंवा आजोबांना विचारून या, आणि ते काय म्हणाले ते कागदाच्या मागं लिहा. चित्राइतकेच मार्क त्या मागच्या बाजूला द्या. परीक्षकांत एक तरी म्हातारी बसवा. तिला लिहिता-वाचता येत नसलं तरी चालेल, कणगी कुणी खरी काढलीय हे ती आमच्यापेक्षा लवकर सांगेल. आणि शाळेला भिंत रंगवायचीच असेल तर ठेकेदाराला बोलवायच्या आधी एकदा गावातल्या दोन-तीन जणींना बोलवून विचारा, की बाई, तू भिंत कशी सारवायची ते या पोरांना दाखवशील का? कोपरा द्या. मातीचा कुड उभा करा, दहा फुटांचा. पावसात वाहून गेला तर पुढच्या वर्षी पोरं परत करतील. तसाही तो दरवर्षी परतच करायचा असतो.

माझ्याकडून एक. ती मुलगी आता दहावीत आहे. मागच्या महिन्यात तिकडं बातमीला गेलो होतो तेव्हा विचारत विचारत तिच्या घरी गेलो. चुकलं म्हणून सांगितलं. तिला फार काही वाटलं नसावं, ती अभ्यासाचं पुस्तक घेऊन आत गेली. आजी ओट्यावर होती. चित्र कुठाय विचारलं, तर आजीनं कणगीच्या झाकणावर बोट दाखवलं. कागद कणगीवर पालथा घातला होता, वर दगड ठेवलेला. धूळ जाऊ नये म्हणून. "चांगला जाड कागद हाय," आजी म्हणाली.

मी तो उलटून बघितला. 'विषयास सोडून' हे आमचंच अक्षर वर होतं. परवानगी घेऊन चित्राचा फोटो काढला, पण इथं टाकत नाही, ते तिचं आहे. तुमच्या घरात कणगी, इरलं, जुना टाक, शिवेवरचा वाघोबा, काहीही असेल तर त्याबद्दल घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि ते काय म्हणाले ते खाली लिहा. फोटो टाकणार असाल तर आधी त्यांना विचारा. आणि वारलीचा स्टिकर लावू नका.